मदत हवी आहे: धावून जाळलेल्या कॅलरी परत खायच्या का?

वय ३४, उंची १६२ सेंमी, वजन ७४ किलो. बैठं काम. व्यायाम न धरता रोजची गरज साधारण १७०० कॅलरी निघते, म्हणून मी १३०० खाते. सगळं वजनकाट्यावर मोजून, तेलासकट. आठवड्यातून चारदा ५ किमी धावते. घड्याळ दर वेळी ४८० कॅलरी दाखवतं. मला हा आकडा फुगलेला वाटतो, कारण माझ्या वजनाला ३५०-३७० च्या आसपास यायला हवा, आणि त्यातही नुसतं बसून जळल्याच असत्या त्या कॅलरी धरलेल्या असतात.

पहिले तीन आठवडे ४८० पूर्ण खाल्ल्या: जेमतेम अर्धा किलो उतरलं. पुढचे तीन आठवडे काहीच जास्त खाल्लं नाही: दीड किलो गेलं, पण धावण्याच्या रात्री भुकेने झोप येईना आणि दुसऱ्या दिवशी पाय जड. हे असं फार दिवस रेटता येणार नाही.

थायरॉइड, मधुमेह नाही, औषधं चालू नाहीत. धावणं कमी करायचं नाही.

ज्यांनी हे करून पाहिलंय त्यांनी सांगा: घड्याळाच्या आकड्याचा नेमका किती भाग परत खाल्लात, आणि त्याच दिवशी खाल्लात की आठवडाभर वाटून?