मर्क्युरी : बुध, पारा की आणखी काही?

प्रश्न : फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातल्या चित्रकार बॉटिचेलीच्या 'प्रिमाव्हेरा' या चित्रात डाव्या टोकाला पंखांचे बूट घातलेला, दंडाने ढग सारणारा तरुण आहे. तो रोमन देव मर्क्युरी. मराठीत चित्राखाली 'बुध' लिहावं का? आणि किमयेच्या, म्हणजे धातूंचं सोनं करू पाहणाऱ्या जुन्या विद्येच्या, चित्रांत तोच आला तर 'पारा'?

प्रतिसाद १ : 'बुध' नको. ग्रह एक, वारही एक (फ्रेंचांचा 'मेर्क्रदी' म्हणजे आपला बुधवार), पण देव वेगळे. आपला बुध चंद्र आणि तारेचा मुलगा. मर्क्युरी देवांचा निरोप्या, व्यापाऱ्यांचा आणि चोरांचाही देव. स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझच्या चित्रात तो झोपलेल्या आर्गसकडे, पुराणकथेतल्या शंभर डोळ्यांच्या राखणदाराकडे, दबकत सरकतो. तिथे 'बुध' वाचून काय कळणार?

प्रतिसाद २ : चित्रकलेपुरतं पटलं. किमयेचं मात्र अवघड आहे, कारण तिथे देव, ग्रह आणि धातू एकाच अंगात असतात. किमयागार बॅसिल व्हॅलेंटाइनच्या नावावरच्या 'बारा किल्ल्या' या ग्रंथातल्या किल्ल्या, म्हणजे प्रकरणं, १६१८ साली फ्रँकफर्टला चित्रांसह छापल्या गेल्या. त्यातल्या दुसऱ्या किल्लीच्या चित्रात मुकुट घातलेला नग्न मर्क्युरी दोन्ही हातांत सर्पदंड धरून उभा आहे. दोन्ही बाजूंना तलवारवाले. एकाच्या तलवारीला साप, दुसऱ्याच्या तलवारीवर पक्षी. मर्क्युरीचे पंख इथे केवळ निरोप्याचे नाहीत. तापवला की पारा वाफ होऊन उडतो, तेही त्यांत आहे. इथे नुसतं 'पारा' लिहिलं तर देव जातो, नुसतं 'मर्क्युरी' लिहिलं तर भट्टी जाते. मी 'पारदरूप मर्क्युरी' लिहीन.

शिवाय 'पारा' म्हटलं की आपल्याकडचं रसशास्त्र, म्हणजे पारा आणि धातूंची जुनी विद्या, आठवतं. त्यात पारद (पारा) शिवाचं वीर्य आणि गंधक पार्वतीचं रज. युरोपात बरोबर उलट: गंधक राजा, पारा राणी. आणि मर्क्युरी तर पुष्कळदा स्त्री-पुरुष दोन्ही. मला या साऱ्या विषयातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं. म्हणून 'पारद' वापरताना एक टीप द्यावीच.

प्रश्नकर्ता : 'पारदरूप मर्क्युरी' घेतो. त्या दंडाला काय म्हणू?

प्रतिसाद १ : 'सर्पदंड' चालेल, पण 'दोन सापांचा' हे आधी लिहा. एका सापाचा दंड अस्क्लेपिअसचा, वैद्यकाच्या देवाचा. दवाखान्यांच्या पाट्यांवरसुद्धा या दोहोंची गल्लत होते.