बांडगूळ कोण, भागीदार कोण?

मंगळवेढेकर : फुकट खाणाऱ्याला आपण बांडगूळ म्हणतो. बांडगूळ आणि भागीदार यांच्यातली रेघ निसर्गात पक्की आहे, नात्यांतही असावी. ज्वारीतला टारफुला बघा, पिकाच्या मुळांवर जगणारं तण. धुळीसारखं बी, एका झाडाला हजारोंनी, जमिनीत दहा-पंधरा वर्षं जिवंत. ज्वारीचं मूळ जवळ आलं की रुजतो, मुळात घुसतो, पाणी आणि अन्न ओढतो. रोप वर दिसेपर्यंत बरंचसं नुकसान होऊन गेलेलं असतं. जमिनीत ओल असूनही ज्वारीची ताटं सुकल्यासारखी दिसतात. याउलट तुरीच्या मुळांवरच्या गाठी : त्यांतले जिवाणू हवेतला नत्र (नायट्रोजन) देतात, तूर त्यांना साखर देते. एक लुटारू, दुसरा भागीदार. मधलं काही नाही.

काळी_माती : अहो, मधलंच जास्त आहे. टारफुल्याला ज्वारीचा पत्ता लागतो कसा? स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलं की मुळं स्ट्रायगोलॅक्टोन हे द्रव्य जास्त सोडतात. ती हाक मुळांशी जोडून राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीला असते : ये, स्फुरद आण, साखर घे. हे 2005 मध्ये उलगडलं. टारफुला तीच हाक चोरून ऐकतो. मित्रासाठी उघडलेल्या दारातूनच चोर शिरतो, म्हणून दार कायमचं लावून घ्यायचं का? त्यापेक्षा फेरपालटात कापूस किंवा चवळी घ्या. त्यांच्या मुळांजवळ टारफुला रुजतो, पण चिकटता न आल्याने मरतो. एका हंगामात मात्र बी संपत नाही. उरलेली रोपं फुलण्याआधी उपटा.

आणि गाठी दिसल्या म्हणजे भागीदारी चालू, असंही नाही. पेरणीनंतर 40-45 दिवसांनी झाड मातीसकट खणून काढा. ओढलंत तर गाठी मातीतच राहतात. गाठ ब्लेडने कापा. आत गुलाबी-लाल असेल तर नत्र बांधला जातोय. पांढरी किंवा हिरवट असेल तर झाड तिला नुसतं पोसतंय. युरिया जास्त पडला की तूर गाठी धरायलाच नाखूष. 2003 च्या सोयाबीनवरच्या प्रयोगात तर नत्र न देणाऱ्या गाठींचा ऑक्सिजन झाडानेच कमी केला. झाडसुद्धा हिशोब ठेवतं.

सीनाकाठ : हा हिशोब घरात आणू नका. अंथरुणाला खिळलेल्या आईची गाठ कापून रंग बघणार का? आणि बांडगूळ ही शिवीही अर्धवटच. आंब्यावर वाढणाऱ्या बांडगुळाची पानं हिरवी असतात, बरंचसं अन्न ते स्वतः करतं. आंब्याकडून घेतं ते पाणी आणि क्षार. फांदी वाळते हे खरं, पण फुलटोच्या पक्षी बराचसा त्याच्या फळांवर जगतो.

मंगळवेढेकर : आईने आधीच दिलंय, तिचं देणं कधीच फिटत नाही. माझा रोख व्यवहाराच्या नात्यांवर आहे. धनगर शेतात मेंढ्या बसवतो तेव्हा किती रात्री आणि किती धान्य हे आधी ठरतं. लेंड्या-मूत रानाला, धान्य त्याला. निम्म्या वाट्याच्या शेतीत मात्र बी, खत, मजुरी सगळं वाटेकऱ्याच्या माथी आणि मालक खळ्यावरच उगवणार, हा टारफुलाच.

काळी_माती : हे मान्य. पण तोच मालक पुढच्या साली निम्मं खत घालायला लागला, तर? टारफुला बदलत नाही, माणूस बदलतो. म्हणून वाटा पेरणीआधी कागदावर लिहा : बी कुणाचं, खत कुणाचं, कडबा कुणाचा. बहुतेक भांडणं कडब्यावरूनच होतात.