रिमोटच्या विमानाचा लांब पल्ला: २.४ गिगाहर्ट्झचं ईएलआरएस की ८६८ मेगाहर्ट्झचं क्रॉसफायर (दोन्ही रिमोटच्या रेडिओ सिस्टिम)?

प्रश्न: फोमचं विंग (शेपटी नसलेलं विमान), त्यावर आयनॅव्ह (विमान सांभाळणारं सॉफ्टवेअर). मैदानाच्या कडेला आंब्याची दाट झाडी. कोणती सिस्टिम घ्यावी?

उत्तर १: २.४ चं ईएलआरएस. १०० मिलिवॉट पुरे. पॅकेट रेट (सेकंदाला किती वेळा आदेश जातात) २५० वरून ५० हर्ट्झवर आणा. संवेदनशीलता −१०८ वरून −११५ डीबीएम होते, म्हणजे आणखी क्षीण सिग्नल पकडता येतो, आणि दर ६ डीबीला पल्ला दुप्पट. विंगला ५० भरपूर झाले, ते काही शर्यतीचं ड्रोन (रेसिंग क्वाड) नाही.

उत्तर २: झाडीतून कमी फ्रिक्वेन्सी बरी जाते, हे खरं. पण ९१५ मेगाहर्ट्झचं सेटिंग भारतात नको. ९०२-९२८ मध्ये मोबाइलचा पट्टा येतो. आपल्याकडे ८६५-८६८ मोकळा आहे. ९०० वालं ईएलआरएस घेतलंत तर फर्मवेअर चढवताना भारताचा ८६६ पर्याय निवडा.

उत्तर ३: सिस्टिमवरून कशाला भांडताय, पल्ला बहुतेकदा अँटेना खाते. २.४ च्या रिसीव्हरच्या वायरचं टोकाचं ३१ मिमी उघडं आणि उभं ठेवा, पंखातल्या कार्बनच्या दांडीपासून (स्पार) लांब. ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक विमानाकडे रोखू नका, तिथेच सिग्नल सर्वात कमी. प्रोपेलर काढून ट्रान्समीटर बंद करा, फेलसेफ (सिग्नल तुटल्यावरचा बचाव) लागतो का बघा. ईएलआरएसचा ट्रान्समीटर-रिसीव्हर जोडला (बाइंड) जात नसेल तर एकीकडे फर्मवेअर २, दुसरीकडे ३ असं नाही ना, बघा.