मदत हवी आहे : वाऱ्याच्या कोर्ससाठी ५०/३४ ठेवू की ५२/३६ बसवू?

पांझराकाठ
डिसेंबरात लांब पल्ल्याची ट्रायथलॉन आहे, कोर्स वाऱ्याचा आहे आणि माझं घोडं गिअरवर अडलंय. पुढे ५०/३४ आहे, म्हणजे पायडलकडच्या दोन रिंगांना ५० आणि ३४ दात. दुकानदार म्हणतो, पाठीवर वारा आला की ५० ची रिंग कमी पडेल, ५२/३६ चा क्रँक (पायडलचे दांडे आणि रिंगा) टाका. तो मंगळवारी माल मागवणार आहे. त्याआधी हो किंवा नाही कळवायचंय.

त्रास असा आहे. दर रविवारी धुळ्याहून साक्री रस्त्याला जातो. जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर. नेरच्या पुढे एका गिअरला मांड्या भरून येतात, एक हलका केला की पाय नुसते भिरभिरतात. मधलं काही सापडतच नाही. दोन तास हेच. घरी येऊन बूट घातले की पळायला जोर राहत नाही. ५२ ने हे सुटेल का? लवकर सांगा.

गिरणाथडी
भाऊ, इतलं लिखं, पन शर्यत कोन्ती शे ते लिखंच नही. गोव्याची अर्ध्या अंतराची असेल तर सायकल ९० किमी, त्याला ५०/३४ भरपूर. मागे कॅसेट (दातेरी चक्रांचा संच) कोणती? डेरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) कोणता? सपाटीवर एकटे किती वेगाने जाता? हे कळल्याशिवाय ५० की ५२ कसं सांगणार?

सातपुडा_रायडर
५२/३६ घ्या, विचार करू नका. मी तीन वर्षं तेच वापरतोय. तोरणमाळचा घाटसुद्धा ३६ वर चढलोय, मागे ३० होतं. उताराला ५० ची रिंग हातात काही देत नाही, पायडल मारले तरी सायकल पुढेच निघून जाते. एकदा खर्च होईल, पण पुन्हा पाहावं लागणार नाही.

केळीबाग_रावेर
गिअर होईल हो, खाण्याचं काय ठरवलंय? एवढ्या लांब अंतराला नुसत्या जेलवर राहू नका, शेवटी पोट फिरतं. मी अर्ध्या पिकलेल्या केळ्याचे दोन-दोन तुकडे करून खिशात ठेवतो, दर अर्ध्या तासाला एक. पूर्ण पिकलेलं घेऊ नका, उन्हात खिशातच त्याचा लगदा होतो. सोबत मिठाचं पाणी. आदल्या रात्री शेवभाजी टाळा, भूक कितीही लागली तरी.

पांझराकाठ
गोवा नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं बसल्टन. पूर्ण अंतर : ३.८ पोहणं, १८० सायकल, ४२.२ पळणं. पोहणं तिथल्या १.८ किमी लांब जेट्टीला वळसा घालून आहे. सायकलचा रस्ता सपाट, घाट नाहीच, पण समुद्राचा वारा. एकटा सपाटीवर २८-२९ ने जातो. कॅसेट सायकलसोबत आलेलीच आहे, ११-३२. केळ्यांचं लिहून ठेवलंय, धन्यवाद.

मेहरूण_सायकल
हे आधी सांगायला हवं होतं, उत्तर इथेच आहे. ११-३२ म्हणजे मागच्या अकरा चक्रांचे दात असे : ११-१२-१३-१४-१६-१८-२०-२२-२५-२८-३२. चौदानंतर दोन-दोन दात वाढतात. ९० च्या कॅडन्सला (मिनिटाला पायडलचे ९० फेरे) ५० च्या रिंगवर १८ चा दात, म्हणजे १८ दातांचं चक्र, ३१.५ चा वेग देतो आणि २० चा २८.४. तुम्ही नेमके या दोघांच्या मध्ये राहता, म्हणून एक जड आणि एक हलका वाटतो. वाऱ्याचा झोत कमी-जास्त झाला की दर मिनिटाला हेच. ५२ बसवलंत तर दोन्ही वेग चार टक्क्यांनी वर सरकतील, मधली फट आहे तेवढीच राहील. दुकानदाराने पुढचं बघितलं, दुखणं मागे आहे.

१२-२५ ची कॅसेट बघा : १२-१३-१४-१५-१६-१७-१८-१९-२१-२३-२५. बारा ते एकोणीस एकेक दात. सपाट कोर्सला याहून चांगलं काही नाही.

सातपुडा_रायडर
म्हणजे ११ चा दातही गेला. पाठीवर वारा असताना ५० बाय १२ वर काय करायचं? नुसतं बसून राहायचं?

मेहरूण_सायकल
५० बाय १२, ९० कॅडन्स : ४७ किमी ताशी. २८ ने जाणारा माणूस सपाटीवर ४७ च्या वर कधी जाईल? आणि गेलाच तर तिथे पायडल मारायचे का? मागे मॅरेथॉन उभी आहे. पाठीवर वारा असताना वेळ वाचत नाही, तोंडावर असताना जातो. २० किमी २२ ने गेलात आणि तेच २० किमी ३८ ने परत आलात तर सरासरी ३० होत नाही, २७.९ होते. कारण वाऱ्याविरुद्ध ५५ मिनिटं जातात आणि परतीला ३२ च. जिथे ५५ मिनिटं घालवायची तिथला गिअर नीट हवा.

पवनचक्की_साक्री
मी ब्राह्मणवेलकडे पंख्यांवर काम करतो. वाऱ्याबद्दल एवढंच सांगतो की हवामानाच्या ॲपमधला आकडा तुमच्या छातीवरचा नसतो. वर पात्यांच्या उंचीला वारा जास्त, जमिनीलगत कमी, आणि मध्ये बाभळी, घरं, ट्रक. मोकळं रान सुरू झालं की एकदम झोत लागतो. आमच्याकडे आषाढ-श्रावणात सकाळी सात वाजता पाती सावकाश फिरत असतात, अकरा वाजता त्याच पात्यांचा आवाज खाली वस्तीपर्यंत येतो. तुम्ही रविवारी सहाला निघून नऊला परत येत असाल तर खरा वारा तुम्हाला लागतच नाही. दहाला निघून बघा.

तुम्ही २८ ने जाताय आणि समोरून २० चा वारा आहे, म्हणजे हवेच्या दृष्टीने तुमचा वेग ४८. रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वारा नसतानाच्या जवळपास तिप्पट. त्यात २८ धरून ठेवायचा हट्ट केला तर कोणताही गिअर पुरणार नाही. वॉट (पायांचा जोर) धरा, वेग पडू द्या.

गिरणाथडी
हे खरं. आणि कॅडन्स ८५ च्या खाली जाऊ देऊ नका. ६५ वर दाबत बसलं की त्या वेळी चांगलं वाटतं, पळताना तिसऱ्या किलोमीटरला मांड्या दगड होतात. मी एकदा हे भोगलंय.

चोपडेकर_डॉक्टर
एरोबारवर (कोपर टेकून वाकायचं हँडल) किती वेळ बसता, हे कोणी विचारलंच नाही. गिअरपेक्षा ते मोठं आहे. पाठ सपाट, कोपर आत, आणि तसंच किमान दीड तास, खांदे न उचलता. आणि चाकं? पुढे खोल (रुंद कडेची) रिम असेल तर बाजूच्या वाऱ्याला हँडल ओढलं जातं, मग माणूस घाबरून एरो सोडून देतो आणि रिमचा सगळा फायदा जातो. हवाईतल्या कोनाच्या शर्यतीला तर वाऱ्यामुळे मागे डिस्क (तबकडीसारखं बंद) चाकच वर्षानुवर्षं लावू देत नव्हते.

तापीपार
मी सांगतो, ११-३४ टाका आणि विषय संपवा. थकल्यावर हलका गिअर असलेला बरा.

मेहरूण_सायकल
दादा, सपाट कोर्सला ३४ कशाला? फटी आणखी वाढतील. शिवाय शिमानोची ती ११-३४ अकरा स्पीडच्या रोड हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) बसवताना मागे १.८५ मिमीचा स्पेसर (पातळ कडी) लागतो. तो विसरला तर कॅसेट हलत राहते.

पांझराकाठ
रविवारी सहालाच निघत होतो, हे चूकच झालं. चाकं साधी आहेत, ३० मिमी. एरोबार आहे, पण वाऱ्यात मी उठून बसतो, मान्य करतो. डेरेलर शिमानोचा १०५, आर ७०००. मग १२-२५ मागवू का?

गिरणाथडी
थांबा. आर ७००० वर ११-३२ चालतेय, म्हणजे पिंजरा (डेरेलरचा खाली लोंबणारा भाग) लांब आहे. आखूडवाला ३० दातांपर्यंतच जातो. आणि लांबवाल्यासाठी कंपनीने सर्वात मोठा दात किमान २८ सांगितलाय. २५ हा त्या हिशोबात बसत नाही. विकत घेण्याआधी हे कळलेलं बरं.

मेहरूण_सायकल
कागदावर बसत नाही, बरोबर. डेरेलरमधलं वरचं छोटं जॉकी चाक २५ पासून लांब राहतं म्हणून त्या टोकाला गिअर थोडा उशिरा पडतो. बी-स्क्रू (हे अंतर ठरवणारा स्क्रू) सैल केला की बराच जवळ येतो. मी दोन सीझन चालवलंय, मधल्या दातांवर काहीच फरक नाही, आणि आपल्याला मधलेच दात हवेत. चेनही कापावी लागत नाही.

गिरणाथडी
तुमचं चाललं म्हणून दुसऱ्याला परदेशात शर्यतीला तेच लावून पाठवायचं, हे मला पटत नाही. २८ वाली ११-२८ घ्यावी, हिशोबात बसते.

मेहरूण_सायकल
११-२८ मध्ये १५-१७-१९-२१ आहे. सोळा नाही, अठरा नाही. फट तिथेच राहते, नुसती एक दात सरकते. मग खर्च कशाला? पांझराकाठ, माझ्याकडे १२-२५ कपाटात पडून आहे. जळगावला या, घेऊन जा, दोन रविवार चालवा, मग ठरवा. येताना चेन गेजने चेन मोजून आणा. ०.५ टक्क्यांच्या पुढे ताणली असेल तर कॅसेटवर ती उड्या मारेल आणि दोष कॅसेटला जाईल.

पांझराकाठ
दुकानदाराला काल थांबा म्हणून कळवलं. शुक्रवारी येतो.

पांझराकाठ
तीन आठवड्यांनी लिहितोय. चेन ०.७५ निघाली, बदलली. कॅसेट दुकानात न देता घरीच बसवली. दोन्ही रविवारी मुद्दाम दहाला निघालो. दुसऱ्या रविवारी नेरच्या पुढे रस्त्याकडेच्या बाभळी पूर्वेकडे वाकलेल्या, ज्वारीचं शेत एका अंगाने लवलेलं. १८ वर पाय जड झाले की १९, झोत कमी झाला की परत १८, मग १७. मांडीला धक्का बसतच नव्हता. कॅडन्स ८४ ते ८८ राहिला. वेग २३ वर आला तेव्हा मन खात होतं, पण वॉट धरून ठेवले. घरी येऊन लगेच ८ किमी पळालो. गेल्या दोन महिन्यांत सायकलनंतर मी ३ च्या पुढे गेलो नव्हतो.

गिरणाथडींचं म्हणणंही अनुभवलं : २५ वर गिअर पडायला क्षणभर उशीर होतो. तो दात मी दोन तासांत दोनदाच वापरला. तरी मित्राचा आखूड पिंजऱ्याचा डेरेलर मिळतोय, तोच लावून जाईन. ५२/३६ रद्द. ११-३२ लळिंग आणि कोंडाईबारीच्या घाटासाठी ठेवतोय.

गिरणाथडी
आखूड पिंजरा लावताय तर मला आता काही म्हणायचं नाही. विमानाने नेताना डेरेलर काढून फुग्याच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि फ्रेमला बांधा. तिथे पोचल्यावर हँगर (डेरेलर बसतो ती पट्टी) सरळ आहे का ते आधी बघा. तो किंचित वाकला तरी तुमचे सगळे एकेक दात आवाज करतील.

मेहरूण_सायकल
कॅसेट डिसेंबरपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या. लॉकरिंग (कॅसेट आवळणारी कडी) पुन्हा एकदा तपासा, ३० ते ५० न्यूटन-मीटर. हाताच्या अंदाजावर सोडू नका.

केळीबाग_रावेर
दोन तासांत काय खाल्लं ते नाही लिहिलं.

पांझराकाठ
चार तुकडे, अर्धपिकलेले. पोट शांत होतं.