आजोबांच्या दुनळीवर '२' आकडा आहे, दुसऱ्या बारा बोअरच्या नळ्या बसतील का?

किनवटचा शेतकरी

नमस्कार मंडळी. आमच्याकडं बारा बोअरची जुनी दुनळी आहे, बिनघोड्याची. आजोबांनी १९५१ साली हैदराबादला एका साहेबाकडून विकत घेतलेली. वडलांनी सत्तरी ओलांडली तेव्हा परवाना रीतसर माझ्या नावावर करून घेतला, त्यामुळं कागदांची अडचण नाही. अडचण नळ्यांची आहे. मागच्या निवडणुकीत बंदूक जमा केली होती, ती पावसाळा संपता संपता परत मिळाली. घरी आणून नळीतून बघितलं तर उजव्या नळीत तोंडाकडच्या वीतभर भागात गंजाचे खड्डे. आजोबा दर अमावास्येला तेलाचा बोळा फिरवायचे. सत्तर वर्षं जपलेली वस्तू तीन महिन्यांत अशी झाली, जीव तुटतो बघताना.

एक कारागीर म्हणायलाय, "माझ्याकडं दुसऱ्या बारा बोअरच्या चांगल्या नळ्या पडून आहेत, घासून बसवून देतो. बारा ते बारा, त्यात काय?" मला शंका आली ती वजनावरून. शेजारच्या तात्यांची इंग्लिश बारा बोअर आणि आमची, दोन्ही कापूस मोजायच्या ताणकाट्याला लावून बघितल्या. त्यांची ३ किलो, आमची पावणेचार. बोअर एकच, मग पाऊण किलोचा फरक कशाचा?

दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर इंग्रजीत पार्कर ब्रदर्स, मेरिडन आणि वल्कन स्टील असं कोरलंय. नळ्या काढल्या की खाली जो लोखंडी ठोकळा दिसतो, त्यावर बंदुकीचा नंबर आणि बाजूला एकटाच '२'. हा दोन कशाचा?

उदगीरकर

चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, अडीच इंची असेल, त्यातला दोन राहिला आणि अर्धा घासून गेला असेल. आमच्या मामांच्या बंदुकीवर अडीच लिहिलंय.

जालन्याचे काका

उदगीरकर, तसं नाही. मामांची बंदूक इंग्लिश असणार, त्यांच्या प्रूफच्या, म्हणजे नळीची ताकद तपासल्याच्या, शिक्क्यांत चेंबरची लांबी येते. पार्करच्या ठोकळ्यावरचा हा आकडा फ्रेमचा आहे. किनवटकर दादा, तुमची शंका बरोबर आहे. त्या कारागिराला नळ्या घासू देऊ नका. मी सव्वीस वर्षं तेव्हाच्या औरंगाबादेत बंदुकीच्या दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर काढली. पार्कर हातात आल्या त्या तीनच, पण त्या विसरलो नाही.

बारा बोअर हा नळीच्या भोकाचा हिशोब. एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास येतो तो बारा बोअर, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. त्यावरून बंदुकीचं अंग किती जाड आहे ते कळत नाही. मेरिडन हे अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये. तिथं पार्करवाल्यांनी फ्रेम, म्हणजे नळ्या जिच्यावर टेकतात आणि जिच्यात सगळी यंत्रणा असते तो पोलादी गाभा, वेगवेगळ्या मापांत केला आणि मापाचा आकडा नळ्यांखालच्या ठोकळ्यावर ठोकला. आकडा वाढला की फ्रेम मोठी. एकच्या खाली अर्धा, मग शून्य, दोन शून्यं, तीन शून्यं. शून्यं वाढतील तशी फ्रेम नाजूक. तीन शून्यांवर चारशे दहा (०.४१० इंची बारीक नळी), दोन शून्यांवर अठ्ठावीस बोअर, एका शून्यावर वीस, असं साधारण बसतं. सोळा बोअर शून्यावरही मिळते आणि एकवरही. बारा बोअर बहुतेक दीडवर नाहीतर दोनवर. दहा बोअर दोनपासून वर.

तुमची दोनवरची आहे, म्हणून जड. तात्यांची इंग्लिश बंदूक दिवसभर खांद्यावर घेऊन तित्तर-लाव्यामागं फिरायला केलेली, साडेसहा पौंडांच्या आसपास. इंग्लिश बंदुकीवर असा फ्रेमचा आकडा शोधत बसू नका.

माप डोळ्यानं बघायचं असेल तर बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, नळ्या काढा आणि फ्रेमच्या उभ्या तोंडावर फायरिंग पिनची, म्हणजे काडतुसाच्या टोपीवर आपटणाऱ्या खिळीची, दोन भोकं बघा. एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे फ्रेमच्या मापाचं मूळ. दीडच्या नळ्या दोनच्या फ्रेमवर धरल्या तर पिन काडतुसाच्या टोपीच्या मध्यावर पडणारच नाही. घासून लोखंड कमी होतं, हे अंतर हलत नाही.

आणि त्याच्याकडच्या नळ्यांवर नशिबानं '२' निघाला तरी काम भागत नाही. आमचे उस्ताद नवीन जोड बसवताना रॉकेलच्या चिमणीची काजळी ठोकळ्याला लावायचे, नळ्या मिटवायचे, उघडायचे, काजळी जिथं पुसली गेली तेवढंच कानशीनं घ्यायचे. एका जोडाला चार-पाच दिवस. कागदाएवढी फट राहिली तरी बार उडवताना काडतुसाचं बूड मागं सरकतं आणि फाटू शकतं, आणि त्या वेळी तुमचा गाल तिथंच असतो.

गंजाचं म्हणाल तर पॉलिशही आत्ता नको. खड्डे जाईपर्यंत आतून घासलं तर तोंडाकडं नळीची भिंत आधीच पातळ, ती आणखी पातळ होते. आधी भिंतीची जाडी गेजनं मोजून घ्या.

किनवटचा शेतकरी

काका, लई उपकार झाले. मोजलं. आमच्या भोकांतलं अंतर आणि तो कारागीर दाखवत होता त्या नळ्यांच्या दोन चेंबरच्या मध्यांतलं अंतर, दोन्हींत जवळपास दोन मिलिमीटरचा फरक. त्याच्या नळ्यांवर '१½' आहे. त्याला दाखवलं तर म्हणाला, "एवढ्यानं काही होत नाही." मी बंदूक उचलून घरी आणली.

आता नळ्या नीट आहेत का हे घरच्या घरी कसं बघू?

जालन्याचे काका

बरं केलंत. नळ्या फ्रेमपासून वेगळ्या करा, ठोकळ्यात बोट अडकवून लोंबत्या धरा आणि दुसऱ्या हाताच्या नखानं टिचकी मारा. देवळातल्या घंटेसारखा लांब नाद आला तर मधल्या पट्टीचा डाख शाबूत. भद्द आवाज आला तर पट्टी कुठंतरी सुटलीय. मग नळ्या बसवा, पुढचं लाकूड न लावता दस्ता धरून बंदूक हलवा. खडखडली तर बिजागरी झिजलीय. पट्टीवर वल्कन स्टील आहे म्हणजे नळ्या अखंड पोलादाच्या, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या दमास्कस नाहीत, ही तुमच्यासाठी मोठी जमेची बाजू.

पण चेंबर मोजल्याशिवाय आजची ७० मिलिमीटरची काडतुसं घालू नका. काडतूस बसतं म्हणून ते चालतं असं नाही. फुटल्यावर त्याचं तोंड उलगडून पुढं जातं, चेंबर आखूड असेल तर तिथं गळा आवळल्यासारखं होतं आणि दाब चढतो.

परभणीहून

कायद्याचं एक सांगतो. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणं बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवाना असलेल्यानंच करायची. त्या कारागिराकडं तो आहे का ते आधी विचारा. आणि त्या सुट्या नळ्यांवरचा नंबर तुमच्या परवान्यावर नाही, त्या बसवून तपासणीला गेलात तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

किनवटचा शेतकरी

विचारलं, त्याच्याकडं नाही. काका, टिचकी मारली. आवाज इतका वेळ घुमला की वडील आतून बाहेर आले आणि म्हणाले, "दादा अशीच वाजवायचे." जाडी मोजायला सोमवारी परवाना असलेल्या दुकानात नांदेडला नेतोय, आकडे आले की इथंच टाकतो.