मालमेझोंमधला तंबू
पॅरिसजवळचं मालमेझों हे घर बाहेरून अगदी साधं दिसतं, मग त्याचं एवढं कौतुक का, असं तुम्ही विचारलंत. खरी गंमत आत आहे. नेपोलियनच्या पत्नीने, जोसेफिनने, १७९९ मध्ये हे घर विकत घेतलं आणि पर्सिए व फोंतेन या वास्तुविशारदांच्या जोडीने ते आतून पार पालटून टाकलं. मसलतीची खोली तर मला फारच आवडते. नेपोलियनच्या छावणीतला तंबूच जणू! पट्ट्यापट्ट्यांचं कापड ताणलेलं, आधाराला भाले. १८०० मध्ये दहा दिवसांत सजवली म्हणे! ग्रंथालयात महोगनीचं देखणं काम आहे. जोसेफिनची शेवटची निजायची खोलीही तंबूसारखीच, पण लाल कापडाची. पलंगावरचे कोरीव सोनेरी हंस नीट बघा. २९ मे १८१४ रोजी तिने इथेच प्राण सोडला.