न्यू मेक्सिकोत गाइड ठरवला की टॅगची रांग वेगळी: हे योग्य आहे का?

रानवाटा (डेन्व्हर)

एल्कच्या, म्हणजे अमेरिकेतल्या एका मोठ्या हरणाच्या, शिकारीच्या टॅगसाठी अर्ज भरायचे दिवस आले. वायोमिंगची मुदत फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपते, न्यू मेक्सिकोची मार्चच्या मध्यावर, कोलोरॅडोची एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. दरवर्षी अर्ज भरताना एक गोष्ट मला खटकते आणि यंदा ती इथे मांडायचीच असं ठरवलं.

ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टॅग म्हणजे ठरावीक युनिटात (शिकारीसाठी आखलेल्या भागात), ठरावीक तारखांना, एक जनावर मारण्याची परवानगी. कळपाची गणती करून राज्य टॅगची संख्या ठरवतं आणि मागणी जास्त असेल तिथे ड्रॉ काढतं. कोलोरॅडोत ज्याचे प्रेफरन्स पॉइंट जास्त त्याचा नंबर आधी. टॅग नाही लागला तर त्या वर्षाचा एक पॉइंट जमा होतो. वायव्य कोपऱ्यातल्या युनिट २०१ सारख्या ठिकाणी नर एल्कसाठी वीसच्या वर पॉइंट लागतात, म्हणजे लेक पाळण्यात असताना अर्ज सुरू केला तर ती कॉलेजात गेल्यावर टॅग. नेवाडात बोनस पॉइंटचा वर्ग करून तेवढ्या चिठ्ठ्या तुमच्या नावावर टाकतात. न्यू मेक्सिकोत पॉइंटच नाहीत. पहिल्यांदा अर्ज करणारा आणि तीस वर्षं करणारा एकाच पायरीवर, आणि मला हीच पद्धत सगळ्यात न्याय्य वाटते.

पण तिथेच मेख आहे. न्यू मेक्सिकोच्या कायद्यात ड्रॉचे ८४ टक्के टॅग राज्यातल्या रहिवाशांना, ६ टक्के बाहेरच्यांना आणि १० टक्के आउटफिटरशी (गाइड, घोडे, तळ पुरवून शिकार घडवणाऱ्या व्यावसायिकाशी) आधीच करार केलेल्यांना राखून ठेवलेत. एखाद्या सीझनला ५० टॅग असतील तर ४२ स्थानिकांचे, माझ्यासारख्या बाहेरून एकट्याने जाणाऱ्यांना ३, आणि गाइडला पैसे मोजणाऱ्यांना ५. त्या पाचांच्या रांगेत गर्दीही कमी. खाजगी रँचवरच्या गाइडेड एल्क हंटला सहा ते दहा हजार डॉलर सहज जातात, सरकारी जमिनीवर थोडे कमी. ज्याच्याकडे ते आहेत त्याची शक्यता वाढते.

स्थानिकांना ८४ टक्के मिळतात याबद्दल माझी तक्रार नाही. ते तिथे राहतात, कर भरतात. मला बोचतात ते आउटफिटरवाल्यांचे दहा. न्यू मेक्सिकोतल्या गिलाच्या जंगलातला एल्क कोणाच्या मालकीचा नाही, ते सरकारी रान आहे. १९२४ मध्ये त्याचा मोठा भाग वाइल्डरनेस (रस्ते-मोटारींविना ठेवलेलं रान) म्हणून राखला गेला, जगात पहिल्यांदा. तिथल्या जनावराच्या परवानगीत एका धंद्याचा वाटा का असावा?

वायोमिंगचं तर याहून पुढचं. बाहेरच्या माणसाला वाइल्डरनेसमध्ये एल्क किंवा म्यूल डीअरच्या मागे जायचं तर परवानाधारक गाइड हवाच, किंवा तिथला रहिवासी सोबत हवा. त्याच रानात मी एकटा आठवडाभर ट्रेक करू शकतो, मासे पकडू शकतो, ससा मारू शकतो. तेव्हा अस्वलं नसतात का? आणि आयुष्यात डोंगर न चढलेला वायोमिंगमधल्याच शायेन शहराचा रहिवासी मात्र एकटा जाऊ शकतो. मग हा नियम सुरक्षेचा कसा म्हणायचा?

माझं म्हणणं एवढंच: आधी टॅग, मग गाइड. टॅग सगळ्यांनी एका रांगेतून घ्यावा. लागल्यावर ज्याला गाइड हवा त्याने खुशाल घ्यावा.

खोगीर (सॉल्ट लेक सिटी)

रानवाटा, पद्धत नीट मांडलीत, पण निष्कर्ष मला साफ अमान्य आहे.

आधी तुमची मांडणी पुरी करतो. त्या १० टक्क्यांत न्यू मेक्सिकोचे रहिवासीही अर्ज करू शकतात, ती फक्त श्रीमंत परक्यांची रांग नाही. दुसरं, आउटफिटरचा खर्च सीझनपुरता नसतो. फॉरेस्ट सर्व्हिसचा परवाना, विमा, आणि खेचरं-घोडे तर बारा महिने खातात. मार्चमध्ये त्याला माहीतच नसेल की सप्टेंबरात गिऱ्हाईक किती येणार, तर तो नाल कोणाच्या भरवशावर ठोकून घेणार? न्यू मेक्सिकोच्या कॅट्रन काउंटीतल्या रेझर्व्हसारख्या गावात दुसरा रोजगार फार नाही. राज्याने त्या लोकांचा विचार केला यात गैर काय?

आणि एक गोष्ट आपल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. नर एल्क तीनशे किलोच्या पुढे असतो. हाडं काढूनही शंभर किलोच्या आसपास मांस निघतं. ते रानात टाकून आलात तर गुन्हा. सप्टेंबरच्या उन्हात, रस्त्यापासून दहा-बारा किलोमीटर आत, पाठीवर किती खेपा कराल? मांस नासतं. इथल्या पोरांना हे आजोबांनी शिकवलेलं असतं, कुटुंबाचा तळ असतो, मामाचे घोडे असतात. आपण पुण्या-नाशिकहून आलेली माणसं. आपल्याला हे शिकवणार कोण? माझ्या पहिल्या हंटला गाइड नसता तर जनावर पडल्यावर ते कापायचं कुठून हेही मला कळलं नसतं.

रानवाटा

मांसाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. गाइड नकोच असं मी म्हटलेलं नाही. पण शिकायला गाइड हवा म्हणून टॅगही त्याच्याच दारातून मिळावा, हे कसं जुळतं?

मोंटानाचं उदाहरण घ्या. तिथे आउटफिटरच्या गिऱ्हाइकांसाठी डीअर-एल्कचे ५,५०० पर्यंत परवाने हमखास राखून ठेवत. २०१० मध्ये मतदारांनी आय-१६१ हा प्रस्ताव मंजूर करून ती सोय मोडली आणि ते परवाने सर्वसाधारण ड्रॉमध्ये घातले. मोंटानात आज गाइड नाहीत का? भरपूर आहेत.

खोगीर

अर्धंच सांगितलंत. त्याच प्रस्तावाने बाहेरच्यांच्या कॉम्बो (डीअर-एल्क एकत्र) परवान्याची फी ६२८ वरून ८९७ डॉलर केली, आणि पुढच्या वर्षी परवाने शिल्लक राहिले. तोवर त्यांवर उड्या पडत होत्या. राज्याचं उत्पन्न घटलं, आउटफिटरचं घटलं आणि तुमच्यासारख्याच्या खिशातून जास्त गेले.

आणखी एक. एल्क "सगळ्यांचा" म्हणता, पण कायद्याने वन्यप्राणी राज्याच्या विश्वस्तपणाखाली आहेत, देशाच्या नाही. १९७८ च्या बाल्डविन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एल्कची शिकार हा मूलभूत हक्क नाही, परराज्यातल्यांना जास्त फी लावायला हरकत नाही. टॅग कसे वाटायचे ते राज्य ठरवेल.

रानवाटा

राज्याला अधिकार आहे यावर वाद नाही. अधिकार असलेल्याने तो कसा वापरावा, वाद त्यावर आहे. वायोमिंगने २०२४ पासून बाहेरच्यांच्या "स्पेशल" एल्क टॅगचा दर १,९५० डॉलर केला, साधा ६९२. युनिट तेच, तारखा त्याच, जनावर तेच. जास्त मोजणाऱ्यांचा ड्रॉ वेगळा, एवढाच फरक. असं करत गेलो तर दहा वर्षांनी एल्कमागे कोण जाणार? नर्स, शाळामास्तर, ट्रकवाले नाहीत. आणि ज्यांना रानात जायला मिळत नाही ते रानासाठी भांडायलाही येत नाहीत. मला खरी काळजी त्याची वाटते.

अनघा_प (पुणे)

इतका वेळ वाचत होते. तुम्ही दोघं टॅगच्या वाटणीवर भांडताय, पण जनावर मारायचं हे दोघांनी गृहीत धरलंय. मला ते पटत नाही, आणि आपला देश या वाटेवरून जाऊन परत आला आहे म्हणून सांगते.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडेही हाच धंदा होता. जंगलाचे शूटिंग ब्लॉक पाडलेले, वनखात्याचा परमिट, आणि परदेशी पाहुण्यांना वाघापर्यंत नेणाऱ्या शिकार कंपन्या. पुढे केंद्रीय मंत्री झालेल्या विद्याचरण शुक्ल यांनी राजकारणात येण्याआधी ऑल्विन कूपर नावाची अशीच कंपनी मध्य भारतात काढली होती. नियम होते, फी होती, कोटाही होता. तरी १९७२ च्या गणनेत देशभरात १,८२७ वाघ उरले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प. ताडोबात आज माणसं पैसे देऊन वाघ बघतात आणि मोहर्लीच्या पोरांना गाइड म्हणून काम मिळतं. जनावर जिवंत ठेवूनही गाइडचं पोट भरतं, हे आपण दाखवलंय.

रानवाटा

अनघाताई, वाघाबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. पण एल्क आणि वाघ एका मापाने मोजू नका. बाजारात मांस विकण्यासाठी झालेल्या कत्तलीने विसाव्या शतकाच्या आरंभी एल्क लाखाच्या खाली गेले होते, आज ते दहा लाखांच्या आसपास आहेत. त्या मधल्या काळात शिकारीचं मांस विकायला बंदी आली, सीझन ठरले, टॅग आले. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. आपल्याकडच्या शूटिंग ब्लॉकमागे अशी व्यवस्था कधीच उभी राहिली नव्हती.

अनघा_प

पैसा कुठून येतो ते कळलं. तो ताडोबाच्या गेटवरही येतो. मारण्याला पर्याय असताना मारणं निवडावं का, हा माझा प्रश्न होता आणि तो तसाच आहे.

जागल्या (गोंडपिपरी)

ताई, तुमचा मान ठेवून बोलतो. ताडोबाच्या गेटचा पैसा मोहर्लीला दिसतो, आमच्या धुऱ्यावर नाही येत. धानाच्या दिवसांत रात्र-रात्र जागलीला बसतो. रानडुकरांचा कळप शिरला की एका रात्रीत बांधी सपाट. पंचनामा होतो, भरपाई येते, पण ज्या महिन्यात हातात पैसा पाहिजे त्या महिन्यात नाही येत. आणि जागलीवर माणूस एकटा असतो, वाघ पण तिथूनच जातो.

म्हणून तुम्ही म्हणाल याला टॅग पाहिजे. नाही पाहिजे. आमच्याकडे टॅग निघाले तर ते शेतकऱ्याच्या हाती नाही राहणार. बंदुकीचा परवाना आमच्यापैकी किती जणांकडे आहे? रानवाटा साहेब दहा टक्क्यांवरून चिडले, इथे तर शंभरच्या शंभर टक्के शहरातून जीप घेऊन आलेले नेतील. डुकराचा बंदोबस्त वनखात्याने स्वतः करावा, वेळेवर करावा. त्याचा खेळ नको.

पाऊलखूण (डॅलस)

जागल्यादादांचं वाचून थांबले होते, पण मला एक अगदी वेगळं आणि कामाचं विचारायचं आहे. मी एच-१बीवर आहे. ऑफिसातल्या मैत्रिणीसोबत रायफल रेंजवर जायला निघाले तर कोणीतरी म्हणालं, व्हिसावाल्यांनी बंदुकीला हात लावायचा नाही. हे खरं आहे का? आणि पहिली हंट गाइडसोबत करावी की ड्रॉची वाट बघावी?

खोगीर

बरं झालं आधी विचारलंत. संघराज्याच्या कायद्याने एच-१बी, एफ-१ अशा व्हिसावर असलेल्याला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे, पण अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. म्हणजे क्रम असा: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग शिकार परवाना, मग बंदूक. परवान्याची मुदत संपली की सूटही संपते, ते लक्षात ठेवा. राज्याचे नियम वेगळे असू शकतात, तेही वकिलाकडून बघून घ्या.

अलास्काचा बेत मनात असेल तर आत्ताच सांगतो. बाहेरून येणाऱ्या अमेरिकन नागरिकाला तिथे फक्त ग्रिझली, डॉल शीप आणि पहाडी बकऱ्यासाठी गाइड लागतो. नागरिक नसलेल्या परराज्यातल्या माणसाला मूस, कॅरिबू सगळ्यालाच लागतो.

पहिली हंट गाइडसोबतच करा, आणि शक्यतो मादी एल्कची. टॅग लवकर लागतो, मांस चांगलं, खर्च निम्म्यावर.

रानवाटा

मादी एल्कच्या सल्ल्याला माझंही अनुमोदन. एवढंच जोडतो की कोलोरॅडोतल्या बऱ्याच युनिटांत मादीचा टॅग शून्य-एक पॉइंटवर मिळतो आणि ती जमीन सरकारी असते. तुम्ही डॅलसच्या, म्हणजे गाडीने एका दिवसात पोचाल. जाणकार कोणी सोबत असेल तर गाइडवाचूनही जमेल. रायफल सीझनला अंगावर ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कपडा सक्तीचा आहे, तो आधीच घेऊन ठेवा.

गाइड घ्यायचाच असेल तर टॅग लागल्यावर घ्या.

खोगीर

इथे आपलं जुळणार नाही, रानवाटा. चांगला आउटफिटर ड्रॉचा निकाल लागेपर्यंत रिकामा राहत नाही. पाऊलखूण, न्यू मेक्सिकोचा करार करणार असाल तर सही करण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: टॅग लागला नाही तर अनामत पूर्ण परत की पुढच्या वर्षी वळती, एका गाइडमागे शिकारी किती, ज्या युनिटात नेणार तिथला सरकारी परवाना त्याच्या नावावर आहे का, आणि जनावर पडल्यावर मांस खाली आणायचं काम दरात धरलंय की वेगळं. चौथ्या प्रश्नाला जो आढेवेढे घेईल त्याच्याकडे जाऊ नका.